घट्ट नव्हे, भरीव : डॉ. धर्माजी घरत यांची पट्टी

पनवेल, उरण आणि या दोन्हींच्या मधल्या गावांत राहणाऱ्या बंधुभगिनींनो,

गौरवग्रंथातला लेख गोड शब्दांनी सुरू करावा असा संकेत आहे. मला तो पाळता येत नाही. आपल्या सगळ्यांचं एक जुनं दुखणं आहे, आधी त्याच्याबद्दल बोलतो. आपण रस्त्यावर राहतो. आपल्या भातखाचरांतून रस्ते गेले, मिठागरांवरून गेले, आणि बंदराकडे जाणारे कंटेनर आता आपल्या ओट्यांना घासून धावतात. या रस्त्यांवरून माल जगभर जातो. आपल्या वाट्याला काय आलं, ते आपल्याच घरात पाहा. कोणाचा मेहुणा कुबडीवर चालतो, कोणाच्या आईचा घोटा पावसाळ्यात ठणकतो, कोणाचं कुत्रं तीन पायांवर दाराशी येतं. अपघात झाला की आपण धावतो, ओरडतो, माणसाला काखेत धरून रिक्षात कोंबतो, मोडलेला पाय बाहेर लोंबत राहतो. गाडी येईपर्यंत त्या पायाचं काय करायचं, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

मी याबद्दल कित्येक वर्षं बोललो. नाक्यांवर, टेम्पोच्या हौद्यात उभं राहून, कचेरीच्या पायऱ्यांवर. जगातल्या चळवळींचे दाखले दिले, मुठी आवळल्या, लोकांनीही आवळल्या. रस्ते आणखी रुंद झाले. पाय मोडायचे तसे मोडत राहिले. मी थकलो आहे, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

याच काळात एका माणसाने एकही भाषण न करता काही पाय वाचवले. डॉ. धर्माजी घरत. पशुवैद्य. सरकारी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पनवेलमधल्या आपल्या घराच्या अंगणात पत्र्याची शेड घातली, तिथे जनावरं तपासली, आणि दर रविवारी सकाळी येईल त्याला एक पट्टी बांधायला शिकवलं. आज ते पंचाहत्तर वर्षांचे झाले. आपण त्यांचा सत्कार करतो आहोत. पण त्यांना काय हवं आहे हे तुम्हाला पहिल्याच पानावर कळावं असं मला वाटतं. त्यांचे हात आता चालत नाहीत. रविवारचा तो वर्ग चालवायला दुसरं कोणी उभं राहिलेलं नाही. सत्काराचं निमंत्रण घेऊन आम्ही गेलो तेव्हा ते म्हणाले, "शाल द्या, घेईन. पण वर्ग माझ्याबरोबरच संपणार असेल तर ती शाल माझ्या अंगावर नका टाकू, वर्गावर टाका." त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यात आहे. पुढचं सगळं त्यासाठीच लिहितो आहे.

त्यांची माझी पहिली भेट एका सभेत झाली. सभा माझी होती, गाजवली त्यांनी. उरण नाक्यावर सर्व्हिस रोडच्या मागणीसाठी लोक जमले होते. मी ऐन रंगात आलो होतो. तेवढ्यात एका सहा आसनी रिक्षाने मागे येताना मंचाजवळ झोपलेल्या तांबड्या कुत्र्याचा मागचा पाय चिरडला. कुत्रं किंचाळलं, लोक पांगले. पुढच्या रांगेतून पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले एक गृहस्थ उठले आणि मला म्हणाले, "सर, भोंगा बंद करा. घाबरतंय ते."

मी गप्प झालो. माझ्या सार्वजनिक आयुष्यात एवढ्या थोड्या शब्दांत मला कोणी गप्प केलं नव्हतं.

त्यांनी आधी खिशातल्या रुमालाने कुत्र्याचं तोंड बांधलं. "पहिलं तोंड, मग पाय," ते शेजारच्याला समजावत होते. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "डॉक्टर, हे झालं की सरांचंही बांधा!" जो हशा उठला तो माझ्या कुठल्याही विनोदाला मिळाला नव्हता. डॉक्टर हसले नाहीत. बोटांनी पाय चाचपत म्हणाले, "गुडघ्याच्या खाली आहे. कातडी फाटलेली नाही. बांधता येईल." मग एका माणसाला कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडे पिटाळलं. "पिंजलेला कापूस आण."

"किती आणू?"

"उशी भरेल एवढा."

"कुत्र्याला उशी?" तो माणूस जाता जाता पुटपुटला, पण आणला. डॉक्टरांनी तो कापूस पायाभोवती गुंडाळायला सुरुवात केली. एक थर, दुसरा थर, आणखी एक. पाय दिसेनासा झाला. बोटांपासून वर मांडीपर्यंत नुसता ढग. आम्हाला वाटलं, हे काहीतरीच चाललं आहे. मग ते माझ्याकडे वळले. "सर, बॅनर मिळेल?"

बॅनर कापडी होता. 'न्याय मिळालाच पाहिजे' असं त्यावर तांबड्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यांनी त्याच्या लांब पट्ट्या फाडल्या आणि त्या कापसावर एकसारख्या लपेटल्या. प्रत्येक वेढ्याला कापूस बसत गेला. शेवटी ढगाचा खांब झाला. टोकाला कुत्र्याची मधली दोन बोटं तेवढी उघडी ठेवली होती. कुत्र्याला टोपलीत घालून ते दवाखान्याकडे निघाले तेव्हा त्याच्या नडगीवर 'न्याय' हा शब्द नेमका वर आला होता. नंतर कित्येक महिने लोक मला ऐकवत, "सर, तुमच्या सभेत न्याय मिळाला तो फक्त त्या कुत्र्याला."

दुसऱ्या दिवशी बॅनरचे किती पैसे द्यायचे ते विचारायला डॉक्टर माझ्या घरी आले. मी नको म्हटलं आणि त्यांना चहाला बसवलं. मला पुस्तकांचा नाद आहे, म्हणून मी त्यांना प्रश्न विचारत गेलो, आणि त्या दुपारी मला ती पट्टी समजली. ही पट्टी मुळात माणसांच्या हाडांच्या डॉक्टरांची. जनावरांच्या डॉक्टरांनी ती उचलली, कारण जनावर 'पाय हलवू नको' म्हटल्यावर ऐकत नाही. मोडलेल्या किंवा मुरगळलेल्या पायाला दोन गोष्टींचा त्रास होतो. तो हलतो आणि तो सुजतो. जाड कापूस दोन्ही थांबवतो. आत भरपूर कापूस असला की वरच्या पट्टीचा दाब एका जागी रुतत नाही, सगळीकडे सारखा पसरतो. "दाबायचं काम कापसाचं," ते म्हणाले होते. "आपल्या हाताने दाबायचं नाही."

आणि मग त्यांनी तो शब्द काढला ज्याच्याशी ते आजवर भांडत आले आहेत. "आपल्या लोकांना एकच शब्द माहीत आहे, सर. घट्ट. पट्टी कशी? घट्ट. गाठ कशी? घट्ट. मी सांगतो, भरीव बांधा. ऐकतच नाहीत."

हा केवळ शब्दाचा खेळ नाही हे आम्हाला फार महाग पडून कळलं. शिरढोणच्या बाजूचा महेश नावाचा तरुण मोटारसायकलवरून घसरला, नडगी मोडली. त्याचे मित्र मागेच होते. चांगली, कष्टाळू, त्याच्यावर जीव टाकणारी मुलं. त्यांनी बांबूच्या दोन कांबी शोधल्या, टॉवेल फाडला, आणि आपल्या सगळ्या ताकदीनिशी, घट्ट, पाय बांधला. एकाने गुडघा टेकवून गाठ ओढली. मग गाडीत घातलं. पुढे रस्ता तुंबलेला होता. सबंध दुपार त्या रस्त्यावर गेली. आत पाय सुजत होता आणि बाहेर गाठ जागची हलत नव्हती. इस्पितळात पोचले तेव्हा पाऊल थंड आणि काळंनिळं होतं. ते वाचलं नाही.

हाड सांधलं असतं. पाऊल गाठीने नेलं.

त्या मुलांना गावात काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मी पाहिलं आहे. मी स्वतः तेव्हा मोठ्या आवाजात रस्त्याबद्दल बोलत होतो, आणि ते बोलणं खरंही होतं. डॉक्टरांनी वेगळं केलं. ते महेशला भेटून आले आणि त्या मित्रांना आपल्या अंगणात बोलावून घेतलं. मुलं खाली मान घालून उभी. डॉक्टरांच्या पत्नी सुलभाकाकूंनी सगळ्यांना पोहे दिले, कोणी हात लावेना. डॉक्टर एवढंच म्हणाले, "तुम्ही त्याला उचललंत, टाकून पळाला नाहीत. आता बसा. पुढच्या वेळी काय करायचं ते दाखवतो." त्यांनी स्वतःचा पाय स्टुलावर ठेवला आणि त्या मुलांना तो बांधायला लावला. तो पहिला रविवार. वर्ग तिथून सुरू झाला.

त्या अंगणातले नियम थोडे होते आणि डॉक्टर ते न कंटाळता सांगत. रक्त असेल तर आधी स्वच्छ कापडाने झाका आणि थांबवा. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे पट्टीत यायला हवेत. बोटांकडून वर चढत जा, वरून खाली येऊ नका. टोकाची बोटं उघडी ठेवा आणि ती बघत राहा. गरम आणि गुलाबी असतील तर चाला पुढे. थंड पडली, सुजली, मुंग्या आल्या, तर तिथल्या तिथे सैल करा, वाट बघू नका. आणि मांडीचं किंवा दंडाचं हाड मोडलं असेल तर ही पट्टी बांधायचीच नाही. खालच्या जाड पट्टीचं ओझं घड्याळाच्या लोलकासारखं झुलतं आणि वर मोडलेलं टोक मांसात घुसतं. "काय बांधायचं हे कळायच्या आधी कुठे नाही बांधायचं हे कळलं पाहिजे," असं ते म्हणत. शेवटची परीक्षा टिचकीची. बांधून झालं की पट्टीवर बोटाने टिचकी मारायची. पिकलेल्या कलिंगडासारखा भरीव आवाज आला तर पास. लाकडासारखी खट्ट वाजली तर घट्ट झाली. काहीच वाजलं नाही तर ढिली. डॉक्टर डोळे मिटून टिचकी मारत, आणि आम्ही दहावीच्या निकालाला थांबावं तसे थांबत असू.

साजिदभाईंची गोष्ट त्या अंगणात सगळ्यांना पाठ आहे. ते पनवेलचेच, आखातात क्रेनवर नोकरी करून परतलेले. त्यांची बकरी लंगडत होती म्हणून आले आणि वर्ग बघून थांबले. "डॉक्टरसाहेब, हे मला नका शिकवू. दुबईला सेफ्टीचा पूरा कोर्स केलाय मी. तिकडे टाइट म्हणजे टाइट."

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "मग तुम्हीच बांधा. पण बकरीला नको, ती तक्रार करू शकत नाही. आपल्याच हाताला बांधून घ्या."

साजिदभाईंनी मोठ्या ऐटीत दुसऱ्याकडून डावा हात टाइट बांधून घेतला. डॉक्टरांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं. चहा उकळेपर्यंत साजिदभाईंच्या गप्पा आखडत गेल्या. कप आला तेव्हा ते आपल्या बोटांकडे बघत होते. "डॉक्टरसाहेब, ही बोटं माझीच हायत ना? थंडी पडली ही तर."

"बकरीने हे कोणाला सांगायचं होतं?" डॉक्टरांनी विचारलं आणि पट्टी सोडली.

साजिदभाई त्यानंतर कित्येक रविवार आले. नव्या माणसाने 'घट्ट' हा शब्द काढला की तेच आधी ओरडत, "तौबा कर! इथे ती शिवी हाय."

मी डॉक्टरांच्या कामाचं कौतुक करतो आहे, तर एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण ती त्यांनाही आवडेल. ते माणसांवर उपचार करत नाहीत. रस्त्यावर पडलेल्याला कोणीही बांधू शकतं म्हणून तेही बांधतात, आणि तिथून सरळ इस्पितळात पाठवतात. माणसाचं हाड त्यांनी कधी बसवलं नाही, एक गोळी कधी दिली नाही. तालुक्यातलं एक वजनदार प्रस्थ गुडघा दाखवायला शेडमध्ये आलं होतं. बाहेर गाडी, आत कार्यकर्ते. डॉक्टर म्हणाले, "साहेब, तुमच्या दारचा कुत्रा आणा, बघतो. तुम्ही माझ्या शिक्षणात बसत नाही." कार्यकर्त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

याच कारणाने डॉ. नसरीन काझी त्यांच्या आयुष्यात आल्या. त्या हाडांच्या डॉक्टर, इथल्याच एका इस्पितळात. एका रुग्णाचा कापसाने फुगवलेला पाय पाहून त्यांनी विचारलं, कोणी बांधला? गुरांच्या डॉक्टरने, असं उत्तर मिळाल्यावर त्या रविवारी सकाळी तडक अंगणात आल्या. भांडायलाच आल्या होत्या, त्या स्वतःच सांगतात. त्या उभ्या राहून सगळं बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "काका, बांधणं सुरेख आहे. एकच चुकतंय. कुत्र्याचं पाऊल असं खाली उतरतं ठेवलं तर चालतं. माणसाचं पाऊल काटकोनात हवं. नाहीतर पट्टी सुटल्यावर टाच जमिनीला टेकवायला त्याला महिने लागतील."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, बांधलेली पट्टी सोडली. "मी आजवर चुकीचं शिकवलं. जे आले नाहीत त्यांनाही सांगा," ते म्हणाले, आणि नसरीनताईंकडून काटकोन शिकून घेतला. त्यांच्यापेक्षा वयाने निम्म्या बाईसमोर, आपल्याच शिष्यांदेखत. मी पुष्कळ मंच पाहिले आहेत. मंचावर 'मी चुकलो' हे शब्द मी क्वचित ऐकले.

त्या काटकोनाचा पहिला लाभ हिरूबाईंना झाला. हिरूबाई डॉक्टरांच्या गल्लीच्या तोंडाशी मासळी घेऊन बसत. त्या आणि डॉक्टर एकाच बाजूच्या गावांतले, एका वयाचे. मागे सरकणाऱ्या टेम्पोखाली हिरूबाईंचा पाय सापडला. नडगी मोडली. मी तेव्हा तिथेच होतो, कोणाशी तरी वाद घालत. लोकांनी त्यांना काखेत धरलं होतं. डॉक्टर धावत आले, "खाली ठेवा! खाली ठेवा तिला!"

हिरूबाई वेदनेने पांढऱ्या पडल्या होत्या, पण जीभ शाबूत होती. "धर्मा, तू हात लावू नको. तू ढोरांचा डाक्तर. मी काय म्हैस हाय?"

"म्हैस नाय," डॉक्टर कापसाचं भेंडोळं उलगडत म्हणाले. शहरात शुद्ध बोलणारे डॉक्टर अशा वेळी आपल्या गावच्या बोलीत जात. "पण कुत्रं असतीस तं बरा होता. त्याचा एक पाय गेला तरी तीन उरतान. तुला दोनच हायत. गप बस."

"लोकांनी काय म्हनायचा? हिरूला ढोरांच्या डाक्तरानी बांधली?"

"म्हन, सरांनी बांधली. सर, इकडं या, पाऊल काटकोनात धरा."

मी धरलं. थरावर थर चढले, पट्टी लपेटली गेली, बोटं उघडी राहिली, टिचकी मारली गेली. मग चार जणांनी त्यांना फळीवर घेऊन टेम्पोत झोपवलं. त्याच टेम्पोत, कारण दुसरं काही मिळालं नाही. पुलाच्या कामामुळे रस्ता पुन्हा तुंबला होता. हिरूबाई मला सारख्या विचारत होत्या, "सर, बोटां बगा ना, गरम हायत?" मी हात लावून बघत होतो. गरम होती. महेशच्या वेळची दुपार माझ्या मनातून जात नव्हती. त्या दिवशी मी रस्त्याबद्दल भाषण केलं नाही, बोटं बघत राहिलो. इस्पितळात नसरीनताईंनी पट्टी उघडली. सूज आटोक्यात होती, पाऊल जिवंत होतं. शस्त्रक्रिया झाली. पुढे हिरूबाई पुन्हा त्याच गल्लीच्या तोंडाशी बसू लागल्या, आणि डॉक्टरांच्या टोपलीत न विचारता बोंबील पडू लागले. डॉक्टरांनी नको म्हटलं की त्या म्हणत, "तुला नाय, तुज्या मांजरांना."

जनावराबरोबर ते त्याच्या माणसाकडेही लक्ष ठेवत. विचुंब्याच्या नव्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर देशपांडेबाई एकट्या राहत. यजमान गेलेले, मुलगा परगावी. त्यांच्या पॉमेरियन कुत्रीचा पुढचा पाय जिन्यावरून पडून दुखावला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि धुतलेल्या दुधाच्या पिशव्या त्यांच्या हातात दिल्या. पावसात बाहेर नेताना पायावर पिशवी चढवा, घरात आल्यावर लगेच काढा, नाहीतर आत घाम धरतो आणि कातडी कुजते. "आणि रोज सकाळी मला फोन करून सांगा, बोटं गरम आहेत का."

बाई रोज फोन करू लागल्या. पट्टी बदलली, मग सुटली, कुत्री जिने चढू-उतरू लागली. एका सकाळी फोन आला नाही म्हणून डॉक्टरांनी स्वतः केला. "बोटं गरम आहेत?"

"अहो डॉक्टर, आता कसली बोटं? पट्टी कधीच सुटली."

"तुमची विचारतो आहे," डॉक्टर म्हणाले.

हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही. देशपांडेबाईंनी सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या की तो फोन अजून चालू आहे.

आता मला त्या सकाळबद्दल लिहायचं आहे ज्याबद्दल लिहिण्याची माझी इच्छा नाही. मागच्या हिवाळ्यातला रविवार. बरीच माणसं आली होती. डॉक्टर एका कुत्र्याचा पाय बांधून दाखवत होते. गेली काही वर्षं त्यांच्या अंगठ्यांचे सांधे सुजलेले. कापसाचं भेंडोळं हातातून निसटत होतं, पट्टीवरचा ताण कमीजास्त होत होता. आम्ही ते पाहत होतो आणि पाहत नाही असं दाखवत होतो. बांधून झालं. त्यांनी डोळे मिटले आणि टिचकी मारली. मग दुसऱ्या जागी मारली. पुन्हा पहिल्या जागी. साजिदभाई हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ठीक हाय की."

"ठीक नाही," डॉक्टर म्हणाले. "वर घट्ट आहे, खाली ढिली आहे. तुमच्यापैकी कोणी अशी बांधली असती तर मी पास केली असती का?" त्यांनी पट्टी सोडायला घेतली, बोटांना गाठ सुटेना. साजिदभाईंनी सोडली. "आज मी नापास," डॉक्टर म्हणाले. "ज्याला स्वतःला बांधता येत नाही त्याने शिकवू नये. आता तुमच्यापैकी कोणीतरी घ्या."

एकही हात वर झाला नाही. साजिदभाईंचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन जाणार होता. नसरीनताईंचा रविवार इस्पितळात जातो. महेशच्या त्या मित्रांपैकी बहुतेकांना कामासाठी लांब जावं लागतं. आणि मी, ज्याला कुठल्याही विषयावर तासभर बोलता येतं, मीही जमिनीकडे बघत होतो. वर्ग अजून नावाला चालू आहे. डॉक्टर खुर्चीत बसून तोंडी सांगतात, आलेले एकमेकांचे पाय बांधतात, आणि दर रविवारी माणसं कमी होतात.

मित्रहो, मला आता आपल्यावर रागावण्याचंही त्राण उरलेलं नाही. तरी बोलतो. आपल्यापैकी शेकड्यांनी त्या अंगणात पोहे खाल्ले, पट्टी शिकली, टाळ्या वाजवल्या आणि घर गाठलं. आपली समजूत अशी की शिकवणं हे डॉक्टरांचं काम आणि शिकणं हे आपलं. सरकार काही करत नाही म्हणून आपण सरकारला शिव्या देतो. मी तर त्या शिव्यांवरच नाव कमावलं. पण हे काम सरकारचं नव्हतं, आपलंच होतं, आणि ते एका माणसाने त्याच्या अंगठ्यांचे सांधे झिजेपर्यंत एकट्याने केलं. उद्या वर्ग बंद झाला तर कोणी मोर्चा काढणार नाही. कोणाला कळणारही नाही. फक्त पुढच्या वेळी रस्त्यावर कोणीतरी पडेल, आणि जीव लावणारी माणसं त्याचा पाय पुन्हा सगळ्या ताकदीने आवळतील.

डॉक्टरांना मी काय चिंतू? शतायुषी व्हा, असं म्हणायला जीभ वळते, पण त्यांना नुसत्या वर्षांचा मोह नाही हे मला माहीत आहे. त्यांच्या अंगठ्यांना उतार पडो. सुलभाकाकूंची सोबत त्यांना दीर्घकाळ लाभो. डोळे आणि कान शेवटपर्यंत असेच तीक्ष्ण राहोत. पुढची अनेक वर्षं त्यांनी निरोगी शरीराने त्या अंगणातल्या खुर्चीत बसावं आणि आपण बांधलेल्या पट्ट्या बेधडक नापास कराव्यात, एवढं मी मागतो.

आणि तुमच्याकडे एकच मागतो. या समारंभाच्या दिवशी डॉक्टरांच्या पाया पडायला, हार घालायला रांगेत उभे राहाल, तेव्हा हार बाजूला ठेवा आणि त्यांना सांगा, "डॉक्टर, अमुक एक रविवार माझा. त्या दिवशी मी शिकवतो." ज्याने कधीतरी त्या अंगणात पट्टी बांधली आहे त्या प्रत्येकाने वर्षातला फक्त एक रविवार मागून घ्यावा. पुढचा रविवार मी मागून घेतला आहे. त्यानंतरचा अजून कोणाचाच नाही. तो तुम्ही घ्या.